लुबवामाच्या दाराचा अडसर

“मास्तर, आवाज वाढवा की जरा. एवढ्या मोठमोठ्या लोकांचं बोलणं काय एकट्यानंच ऐकायचं?”

सेबुन्या माझ्या ओट्यावर टेकला आणि त्यानं स्वतःच हात लांबवून रेडिओचा कान पिळला. गावात रेडिओ माझा एकट्याचाच उरला होता. बाकीच्यांचे आधी आमचा हुकूमशहा अमीन, त्याच्या पळत्या शिपायांनी नेले, आणि त्यातून जे वाचले ते मागून आलेल्या टांझानियाच्या शिपायांनी. माझा वाचला, कारण दोन्ही वेळा तो अंड्यांवर बसलेल्या कोंबडीखाली होता.

एकोणीसशे एकोणऐंशीचा जुलै. अमीनला पळवून लावल्याला तीन महिने झाले होते. लांब तिकडे मोनरोव्हियात आफ्रिकेतल्या सगळ्या देशांच्या प्रमुखांची सभा भरली होती आणि तिथं आमची गोष्ट निघाली होती. टांझानियानं सरहद्द ओलांडून युगांडात फौज घातली, हे कितपत बरोबर? अमीन कसाही असो, तो त्या देशाचा अंतर्गत प्रश्न होता. आज या घरात शेजारी घुसला, उद्या त्या घरात घुसेल, मग कुणाच्या दाराला अर्थ राहायचा? काही जण असं बोलल्याचं बातम्या देणारा सांगत होता.

“ऐका!” सेबुन्यानं मांडीवर थाप मारली. “मी काय वेगळं सांगत होतो? आपला चोर होता, आपण बघून घेतला असता. यांना बोलावलं कुणी?”

सेबुन्या आमच्या गावातल्या कुळाचा म्हातारा. कुणाला कुठं पुरायचं, कुणाची जमीन कुठपर्यंत, हे त्याच्या तोंडून ठरायचं. मसाका शहरात त्याचं शिवणयंत्रांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. फेब्रुवारीत टांझानियाच्या फौजेनं मसाका घेतलं आणि मग सूड म्हणून एकेक इमारत सुरुंग लावून उडवली, त्यात ते गेलं. अमीनच्या फौजेनं आधी त्यांच्या मुलखात शिरून तसंच केलं होतं, हे खरं. पण सेबुन्या विचारायचा, “माझ्या दुकानानं त्यांचं काय घोडं मारलं होतं?”

खालच्या पायरीवर लुबवामा बसला होता. मोगरीच्या खाचा चाकूच्या टोकानं साफ करत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, “मास्तर, अंतर्गत म्हणजे?”

“म्हणजे घरातलं.”

“कुणाच्या घरातलं?”

“देशाच्या, लुबवामादादा. देश म्हणजे घर असं धरायचं.”

“मग माझ्या मुलोंडोला नेलं, ते घरातलंच की.”

सेबुन्यानं रेडिओकडे तोंड फिरवलं. मी कोंबडीकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी हीच सभा आमच्या कंपालात भरली होती आणि यजमान अमीन होता. दोनचार देश रुसून बसले, बाकीचे पाहुणे आले, जेवले आणि आपापल्या घरी गेले. नदीत तेव्हाही प्रेतं वाहत होती. हे सगळं मी सेबुन्याला सुनावू शकलो असतो, पण मुलोंडोचं नाव निघालं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

लुबवामा झाडाच्या सालीचं कापड करायचा. आमच्याकडे मुतुबाची झाडं असतात. पावसाळ्यात त्यांची साल एका अखंड तुकड्यात सोलायची, ती वाफवायची आणि खाचा पाडलेल्या लाकडी मोगऱ्यांनी दिवस दिवस कुटायची. हातभर रुंद साल कुटून कुटून चादरीएवढी होते आणि उन्हात वाळली की विटेच्या रंगावर येते. सोललेल्या झाडाला केळीची पानं गुंडाळून ठेवतात, जखमेला पट्टी बांधावी तशी, आणि वर्षभरात झाडाला नवी साल येते. पूर्वी हे कापड नेसायचे. आता कापसाचं आल्यावर ते उरलंय मुख्यतः मेलेल्यांसाठी. लुबवामाचे वडील हेच करायचे, आजोबा हेच. त्याच्या मोगरीचा आवाज माझ्या शाळेत ऐकू यायचा आणि तो थांबला की मुलं समजायची, जेवणाची सुट्टी झाली.

मुलगा एकच, मुलोंडो. मसाकाच्या कॉफी सहकारी संघात कारकून. माझाच विद्यार्थी. अक्षर सुंदर. सत्त्याहत्तर साली एका रविवारी सकाळी बिननंबरची मोटार आली आणि अमीनच्या गुप्त पोलिसांतले काळा चष्मा लावलेले तिघे उतरले. लुबवामा आणि त्याची बायको नाबुकीरा चर्चला गेली होती. मुलोंडो घरून पळाला तो माझ्या कुंपणापर्यंत आला आणि कुंपणातल्या कॉफीच्या झाडाला त्यानं मिठी मारली. “मास्तर!” म्हणून ओरडला. एकदा नाही, तीनदा. मी आत वह्या तपासत होतो. मी तपासत राहिलो. एका वहीवर मी सातदा एकच बरोबरची खूण केली होती, ती वही नंतर मी जाळली.

झाडाची फांदी मोडून तिच्यासकट त्याला मोटारीत घातला. पुढं काय झालं कुणाला कळलं नाही. अमीनची माणसं प्रेतं टाकायची त्या नामान्वेच्या जंगलापर्यंत लुबवामा जाऊन प्रेतं उलटी करून पाहून आला. गावात बायका कुजबुजल्या की संघात काहीतरी भानगड असणार, त्यांच्या घरातलं आपल्याला काय कळणार. माझ्या कुंपणापाशी काय झालं, ते लुबवामाला कळल्याशिवाय राहिलं नसेल. त्यानं मला कधी विचारलं नाही. तो माझ्या ओट्यावर येऊन बसायचा, तसाच येत राहिला. त्याचं ते येणं मला शिव्या दिल्यापेक्षा जड जायचं.

त्या वर्षी त्यानं एक कापड कुटलं. तसं कापड मी पुन्हा पाहिलं नाही. प्रेत मिळालं की गुंडाळायला म्हणून. आमच्यात प्रेत मिळालं नाही तर केळीचा बुंधा सालीच्या कापडात गुंडाळून माणसाच्या नावानं पुरतात, म्हणजे मेलेल्याला घर मिळतं. सेबुन्यानं दोनदा निरोप धाडला, बुंधा पुरून टाक. लुबवामा म्हणाला, “बुंधा पुरला म्हणजे त्याला मीच मारला.” कापड पेटीत ठेवलं आणि त्यानंतर त्याची मोगरी बंद झाली. साल सोलायला तो जाईना. खाचा मात्र साफ करत बसायचा.

रेडिओवरच्या बातम्या संपायच्या आतच खालच्या वाटेनं लष्करी ट्रक घरघरत आला.

टांझानियाचा एक हवालदार उतरला, मागून दोन शिपाई, आणि त्यांच्या मधून एक बाई. चाळिशीची, उंच, कमरेला कांग्याचं रंगीत कापड गुंडाळलेली, पायात टायरच्या चपला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. तिनं आमच्या तिघांकडे बघितलं आणि विचारलं, “कापडवाले लुबवामा कोण तुमच्यापैकी?”

ती तिच्या हाया बोलीत बोलली आणि आम्हाला सगळं कळलं. सरहद्दीच्या त्या बाजूची ही बोली आणि आमची बोली सख्ख्या बहिणी आहेत.

लुबवामा उभा राहिला. मोगरी त्याच्या हातात तशीच होती.

“मी केमिलेंबे. ब्याबाटोची थोरली बहीण. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. त्याला न्यायला आले आहे.”

ब्याबाटो म्हणजे लुबवामाच्या केळीच्या बागेत पुरलेला शिपाई. फेब्रुवारीच्या लढाईत तो तिथं मेला. खिशात पक्षाचं कार्ड होतं, त्यावर नाव, गाव. केळीच्या सोपटात बांधलेली कॉफीच्या भाजक्या बियांची लहानशी पुडी होती, अगदी आमच्याकडे पाहुण्याच्या हातावर ठेवतात तशी. लुबवामानं पेटीतलं ते कापड काढलं, मुलोंडोसाठी कुटलेलं, आणि त्यात त्याला गुंडाळून आपल्या पूर्वजांच्या ओळीत पुरला. सेबुन्यानं तेव्हा आकाशपाताळ एक केलं होतं. “परक्याचं प्रेत कुळाच्या जमिनीत? उद्या त्याचे भाऊबंद येऊन म्हणतील, इथं आमचं थडगं आहे, जमीन आमची!” लुबवामानं एकच उत्तर दिलं होतं. “येऊ देत.” मग त्यानं माझ्याकडून छावणीमार्फत त्या शिपायाच्या घरी पत्र लिहवून घेतलं. माझं स्वाहिली मोडकंतोडकं, पण पत्र मी झोकात लिहिलं.

आणि आता ती आली होती.

आम्ही सगळे लुबवामाच्या घरी गेलो. नाबुकीरानं चटई टाकली आणि छोट्या टोपलीत कॉफीच्या बिया पुढं केल्या. पाहुणा एक तरी बी तोंडात टाकतोच, शत्रूसुद्धा. केमिलेंबेनं टोपलीला हात लावला नाही.

“आधी काम होऊ दे, वहिनी.”

नाबुकीराचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, “मी रोज झाडते तिथं. तण उगवू देत नाही. त्याला काही कमी नाही गं इथं.”

“मला माहीत आहे. ट्रकमधून दिसलं.”

“मग राहू दे ना त्याला. आमचा तर… आमच्या पोटचं कुणीच नाही त्या ओळीत.”

केमिलेंबेनं तिचा हात हातात घेतला, पण मान हलवली. “आमच्याकडे माणूस आपल्या केळीत झोपतो, वहिनी. वडील तिथं आहेत, आई तिथं आहे. जागा मोकळी पडली आहे. रोज दिसते मला चुलीपाशी बसल्यावर.”

हवालदार उंबऱ्याशी उभा होता. घामेजलेला, दमलेला माणूस. त्यानं घसा साफ केला. “ताई, पुन्हा सांगतो. हुकूम असा आहे की सगळ्यांना आपल्या हद्दीत नेऊन सरकारी जागेत एका ओळीत ठेवायचं. घरोघरी वाटायचं नाही.”

“आणि मीही पुन्हा सांगते. मी त्याला सरकारच्या ओळीत ठेवायला वाढवला नव्हता.”

“वाटेत तुझं गाव लागतं,” हवालदार बाहेर बघत म्हणाला. “तिथं चढावर ट्रक हमखास बंद पडतो. दुरुस्तीला दोन तास तरी जातात. तेवढ्यात कोण काय उतरवून घेतं, याकडे मी कुठं कुठं बघू?”

सेबुन्या माझ्या कानाशी लागला. “बघा. स्वतःच्या सरकारचा हुकूमसुद्धा पाळत नाहीत.” पण त्याच्या आवाजात पहिल्यांदाच राग नव्हता.

केमिलेंबेनं पिशवीतून कागद काढला. माझं पत्र. घड्यांवर फाटलं होतं, इतक्या वेळा उघडलेलं. “हे मी शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतलं. मग गावातल्या प्रत्येकाकडून वाचून घेतलं. म्हणून मला झोप लागते.” तिला आता ते तोंडपाठ होतं. डोळे मिटून तिनं म्हटलं, “‘आपला ब्याबाटो लढाईत जागच्या जागी कामी आला. त्याला कसलेही हाल झाले नाहीत.’” डोळे उघडून ती लुबवामाला म्हणाली, “हे तुम्ही कळवलंत म्हणून तुमचे पाय धरायला आले आहे, दादा. जागच्या जागी गेला ना तो?”

लुबवामा चटईच्या कडेला बसला होता. त्यानं मोगरी खाली ठेवली.

“नाही,” तो म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. नाबुकीरानं नेसूचं टोक तोंडात धरलं. तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण हे कधी कुणी बोलायचं नाही, असं न बोलताच ठरलं होतं.

“मी सांगतो,” लुबवामा म्हणाला. “सगळं सांगतो. मग तू मला काय म्हणायचं ते म्हण.”

आणि त्यानं सांगितलं. त्या दिवशी दुपारी तोफा जरा थांबल्या होत्या. दोघं नवराबायको दाराला अडसर घालून आत बसली होती. मागच्या केळीतून आवाज आला. एक माणूस पाणी मागत होता. स्वाहिलीतून मागत होता.

हे परक्याला कळायचं नाही, पण आमच्या मुलखात अमीनच्या आठ वर्षांत स्वाहिली म्हणजे बंदूक. अमीनचा शिपाई स्वाहिलीत ओरडायचा, लुटारू स्वाहिलीत दार ठोठावायचा, मुलोंडोला मोटारीत घालणारे स्वाहिलीतच बोलत होते. दोनच दिवस आधी पलीकडच्या वाडीत पळता शिपाई असाच पाणी मागत आला होता. घरच्यानं दार उघडलं, आणि शिपायानं त्याला उंबऱ्यावरच गोळी घातली, त्याच्या सायकलीसाठी.

“मला वाटलं, अमीनचा माणूस आहे,” लुबवामा म्हणाला. “मेला तर मरू दे, असं वाटलं. खरं सांगतो, बरंही वाटलं. म्हटलं, माझ्या पोरानं हाका मारल्या तेव्हा कोण धावलं? आता याचीही हाक कुणी ऐकू नये. मी अडसरावर पाठ टेकून बसलो. ही म्हणाली, जाऊन बघू या. मी हिला हलू दिलं नाही.”

“किती वेळ?” केमिलेंबेनं विचारलं.

“सूर्य डोक्यावर होता तेव्हापासून. उन्हं कलली तेव्हा आवाज थांबला. मग मी गेलो. मांडी फुटली होती. अंगावर तुमचा गणवेश. हात आमच्या दाराच्या दिशेनं.”

बाहेर शिपायांनी खोरी ट्रकमधून काढली, त्यांचा आवाज आला.

“त्यानं स्वाहिलीत का मागितलं?” लुबवामा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “तुझ्यासारखं बोलला असता तर मी धावत गेलो असतो. तुमचा पाण्याचा शब्द आणि आमचा, एकच आहे.”

“फौजेत त्यांना सांगतात,” केमिलेंबे म्हणाली, “परक्या मुलखात स्वाहिली बोला. म्हणजे लोकांना कळेल, तुम्ही सोडवायला आलात.”

तिनं समोरच्या दाराकडे पाहिलं. अडसर भिंतीला टेकवून ठेवला होता, वीतभर जाडीचा, मुतुबाच्या लाकडाचा.

“ऊन होतं का?”

“होतं. फार होतं.”

“त्याला ऊन सोसत नसे,” ती म्हणाली. “लहानपणापासून. नाकातून रक्त यायचं.”

आणि मग ती माझ्याकडे वळली. “मास्तर, पत्र तुम्ही लिहिलंत ना? तुमचं घर तर इथून दगड मारला तर पोचेल. तुम्ही नाही ऐकलं?”

ऐकलं होतं. दुपारभर ऐकलं होतं. मला तर स्वाहिली येतं. त्यानं नुसतं पाणी मागितलं नाही. आम्ही तुम्हाला सोडवायला आलोय, भिऊ नका, असंही तो म्हणत होता. तो अमीनचा माणूस नव्हे, हे सबंध गावात त्या क्षणी मला एकट्याला कळलं होतं. आणि तरी मी माझ्या दाराच्या आत बसून राहिलो, कारण बसून राहायची मला सवय झाली होती. ते सांगायची हीच वेळ होती. लुबवामानं माझ्यासाठी वाट करून ठेवली होती, फक्त पाऊल टाकायचं होतं.

“मी त्या दिवशी गावात नव्हतो,” मी म्हणालो.

लुबवामानं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळीच तो माझ्याकडून मीठ घेऊन गेला होता. चटईवर पडलेलं माझं पत्र उचलून त्यानं घड्यांवर घडी घातली आणि केमिलेंबेला परत दिलं. तिनं ते पिशवीत ठेवलं नाही. चुलीत विस्तव होता, त्यात टाकलं.

खणायला वेळ लागला नाही. शिपायांनी सांभाळून काम केलं. पाच महिन्यांनी माणसाचं काय उरतं ते सांगायची गरज नाही, पण कापड टिकलं होतं. विटेचा रंग काळपट झाला होता, इतकंच. हवालदारानं ताडपत्री पसरली आणि कापड सोडायला हात घातला.

“ते राहू द्या,” लुबवामा म्हणाला. “तेवढं त्याच्या अंगावर राहू द्या.”

हवालदारानं केमिलेंबेकडे पाहिलं. ती खाली वाकली आणि कापडाची कड दोन बोटांत धरून चाचपली. “आमचे आजोबा हेच नेसायचे,” ती म्हणाली. “इतकं बारीक नव्हतं पण. हे कुणासाठी केलं होतं?”

“माझ्या मुलासाठी.”

तिनं कड तशीच नीट आत खोचली. “राहू दे.”

लुबवामानं ब्याबाटोच्या खिशातली पुडी जपून ठेवली होती, ती आणून दिली. तिनं उघडली. आत अकरा बिया होत्या. “मीच बांधून दिली होती ही,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिचा बांध फुटला. नाबुकीरा तिला धरून उभी राहिली आणि दोघी एकाच सुरात रडल्या. आमच्या बायका रडताना जे शब्द म्हणतात तेच ती म्हणत होती.

ट्रक सुरू झाला. चढायच्या आधी केमिलेंबे परत आली, नाबुकीराच्या टोपलीतली एक बी तिनं उचलली. तोंडात टाकली नाही. कांग्याच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतली. लुबवामाला ती काही म्हणाली नाही. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. आजही मला वाटतं की तिनं ते गावी जाऊन ठरवलं असेल, किंवा कधीच ठरवलं नसेल.

ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी आम्ही चौघं खड्ड्याभोवती उभे होतो.

“खड्डा रिकामा ठेवता येत नाही,” सेबुन्या अखेर म्हणाला. कुळाच्या म्हाताऱ्याला हे सांगावंच लागतं. थडग्यातून माणूस काढला तर त्याच्या जागी केळीचा बुंधा घालून बुजवायचं, ही आमची रीत. “बुंधा टाक, लुबवामा. नुसता टाक. ऊन आहे तोवर आटपू.”

लुबवामा कोयता घेऊन बागेत गेला. घड काढलेली एक केळ त्यानं निवडली आणि माणसाच्या उंचीएवढा बुंधा तोडून खांद्यावर आणला. मग घरात गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात दुसरं सालीचं कापड होतं. ते मी ओळखलं. म्हातारा माणूस आपल्यासाठी बाजूला काढून ठेवतो, ते.

“अहो, हे तुमचं!” नाबुकीरा म्हणाली.

“हो.”

“मग तुम्हाला?”

“पुढं पावसाळा आहे. झाडं आहेत. कुटीन.” त्यानं कापड जमिनीवर पसरलं. बुंधा त्यावर ठेवला आणि सेबुन्याकडे बघून म्हणाला, “टाकायचाच तर नुसता नको. नाव घेऊन टाकू.”

दोन वर्षं सेबुन्यानं हेच करायला सांगितलं होतं. तो गुडघ्यावर बसला, कापडाची दोन टोकं त्यानं धरली आणि म्हणाला, “उचल. मी धरतो.”

दोन्ही म्हाताऱ्यांनी बुंधा गुंडाळला. डोकं कुठलं, पाय कुठले, हे लुबवामानं हातानं ठरवलं आणि डोक्याकडची घडी जरा सैल ठेवली. मी नुसता उभा होतो. मला कुणी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

खाली उतरवल्यावर लुबवामा पुन्हा घरात गेला आणि दाराचा अडसर घेऊन आला. दोन्ही हातांनी वाहून आणावा लागला, एवढा जड. तो त्यानं बुंध्याच्या बाजूला आडवा ठेवला.

“आता दार कसं लावायचं?” नाबुकीरानं विचारलं.

“नाही लावायचं.”

मग त्यानं मुलाचं नाव घेतलं. मोठ्यानं, पुरं, आजोबा-पणजोबांच्या नावांसकट, जसं पुरताना घ्यायचं असतं तसं. मुलोंडो गेल्यापासून ते नाव मी एवढ्या मोठ्यानं ऐकलं नव्हतं. पहिली मूठ माती नाबुकीरानं टाकली, मग सेबुन्यानं. लुबवामानं मातीची एक मूठ भरून माझ्यापुढं धरली.

“घ्या, मास्तर,” तो म्हणाला. “तुमचा विद्यार्थी होता.”

मी माती टाकली. अर्धी माती माझ्याच पायांवर पडली.

घरी आलो तर ओट्यावर रेडिओ तसाच चालू होता. सभा संपली होती. सगळे देश काय काय म्हणाले, याचा सारांश कुणीतरी शांत आवाजात सांगत होता. मी तो बंद केला. अजून चांगला उजेड होता. लुबवामाचं उघडं दार माझ्या ओट्यावरून दिसत होतं, आत चुलीपाशी बसलेली नाबुकीराही दिसत होती. मी आत आलो, दार ओढलं, आणि अडसर घातला.